ओस पडलेली राजधानी

शिरपूर तालुक्यात तापी नदीच्या काठी थाळनेर नावाचे गाव आहे. तेथे फारुकी घराण्यातील सुलतानांच्या कबरी आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा याच्या काळात थाळनेर ही खानदेशची राजधानी होती. पुढे त्याचा मुलगा नासिरखान याने तापीच्याच काठी बुऱ्हाणपूर वसवले आणि राजधानी तिकडे गेली. आज थाळनेरला गेलेल्या माणसाला कोणी सांगितले नाही, तर येथे एकेकाळी दरबार भरत होता हे त्याच्या ध्यानातही येणार नाही.

धुळ्याची गोष्ट याच्या उलट आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने १८१९ मध्ये धुळे हे कारभाराचे मुख्य ठिकाण केले. त्याने सरळ रस्ते आखून नवी पेठ वसवली आणि बाहेरगावच्या कारागिरांना व व्यापाऱ्यांना तेथे बोलावून घेतले. देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून आपण ज्या सरळ गल्ल्यांतून बाजाराला जातो, त्या मागे असा नकाशा आहे.

म्हणजे राजधान्या येतात आणि जातात. पण एखादी मोठी, श्रीमंत राजधानी पूर्ण ओस पडावी, रस्त्यांवर झाडे उगवावीत आणि घरांचे दगडसुद्धा लोकांनी उचलून न्यावेत, असे का होते? याचे उत्तर शोधायचे असेल तर जुने गोवे पाहायला हवे.

जुने गोवे ही वसाहतीची राजधानी होती. युरोपातील देशांनी समुद्रापलीकडे जाऊन दुसऱ्यांचे मुलूख जिंकले, तेथे आपली माणसे, आपला कायदा आणि आपला धर्म नेला, आणि तेथून कारभार करण्यासाठी एक शहर निवडले. अशा शहरांत एक विलक्षण सारखेपणा दिसतो. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रात, सांतो दोमिंगो नावाचे शहर आहे. कोलंबसच्या भावाने ते स्पेनच्या राजासाठी वसवले. अमेरिका खंडातील युरोपीय वसाहतींची ती पहिली मोठी राजधानी. १५०२ मध्ये वादळात ते मोडले, तेव्हा ओझामा नदीच्या दुसऱ्या काठावर ते नव्याने बांधण्यात आले. नदीकाठी धक्का, धक्क्याजवळ किल्ला, गव्हर्नरचा वाडा, मोठे चर्च आणि मधून जाणारा सरळ रस्ता, अशी त्याची रचना आहे. जुन्या गोव्याची रचनाही अशीच होती. युनेस्कोने जुन्या गोव्यातील चर्चांना १९८६ मध्ये आणि सांतो दोमिंगोच्या जुन्या भागाला १९९० मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. फरक एवढाच, की सांतो दोमिंगोमध्ये आज लाखो लोक राहतात. जुन्या गोव्यात चर्च उभी आहेत. शहर मात्र नाही.

पणजीहून जुने गोवे सुमारे दहा किलोमीटर आहे. कोकण रेल्वेने येणाऱ्याला करमळी स्थानक जवळ पडते. पण शक्य झाल्यास पणजीहून मांडवी नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्याने जावे. या रस्त्यावर पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये दलदलीतून तीन किलोमीटरहून लांब असा एक दगडी बांध-पूल लागतो. लिन्यारिसचा काउंट विजरई असताना, १६३३–३४ च्या सुमारास, तो बांधला गेला. पोर्तुगीज राजाचा जो प्रतिनिधी गोव्यात राज्य करी त्याला इंग्रजीत व्हाइसरॉय म्हणतात. मराठी कागदपत्रांत त्यालाच विजरई म्हटले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पुलावरून आजही वाहने जातात.

जुन्या गोव्यात पोचल्यावर आधी मोठ्या चर्चांकडे न वळता नदीच्या धक्क्याकडे जा. शहराचा खरा दरवाजा तेथे आहे. नदीवरून वर येणाऱ्या रस्त्यावर एक कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा विजरई असताना १५९९ मध्ये ती उभारली गेली. तिच्यावर नदीकडे तोंड करून वास्को द गामाचा पुतळा आहे. १९५४ मध्ये ती कमान पुन्हा बांधावी लागली. लिस्बनहून आलेला नवा विजरई गलबतातून उतरला, की याच कमानीखालून शहरात प्रवेश करी.

कमानीपासून थोडे पुढे गेल्यावर सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ आणखी एक दरवाजा दिसतो. काही पायऱ्या, दोन खांब, वर आडवी तुळई. सगळे काळ्या दगडाचे. दरवाजा आहे, पण त्याच्या मागे काहीच नाही. हा विजापूरच्या आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. पुष्कळसे प्रवासी तो न पाहताच निघून जातात, हे मला नेहमी चमत्कारिक वाटते. कारण या शहराची गोष्ट पोर्तुगिजांपासून नव्हे, या दरवाजापासून सुरू होते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे आदिलशाहीचे महत्त्वाचे बंदर होते. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून येथे घोडे उतरत. दख्खनमधील सगळ्याच राजांना घोडे हवे असत, त्यामुळे या बंदराची जकात म्हणजे खजिनाच होता. अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनापतीने १५१० च्या सुरुवातीला हे शहर घेतले. काही महिन्यांतच आदिलशाही फौजेने त्याला हाकलून लावले. पण तो नवी जहाजे घेऊन परतला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने शहर पुन्हा जिंकले. त्यानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. ही गोष्ट शत्रूने रचलेली नाही. अल्बुकर्कने आपल्या राजाला पाठवलेल्या पत्रातच ती लिहिली आहे. १५३० मध्ये पोर्तुगिजांनी आपली पूर्वेकडील राजधानी कोचीनहून गोव्यात आणली. ज्या वाड्याचा दरवाजा आपण पाहिला, त्याच वाड्यात पुढे विजरई राहू लागले.

यानंतरच्या शंभर वर्षांत हे शहर फार वाढले. गोवा पाहिला त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी पोर्तुगिजांत म्हणच पडली. मलाक्का, मकाव, होर्मुझ, मोझांबिक, इतक्या लांबच्या ठाण्यांचा कारभार येथून चाले. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला. त्याने येथील मुख्य रस्त्यावरच्या बाजाराचे वर्णन केले आहे. रोज सकाळी या रस्त्यावर व्यापारी जमत आणि वस्तूंची बोली लागे. अरबी घोडे, मसाले, गालिचे, दागिने तेथे विकले जात. त्याच बोलीत माणसेही विकली जात. आफ्रिकेतून आणि आशियाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेले गुलाम या रस्त्यावर उभे केले जात.

अशा विक्रीला पोर्तुगीज भाषेत ‘लेइलांव’ म्हणतात. मराठीत त्याचा झाला ‘लिलाव’ आणि उर्दूत झाला ‘नीलाम’. तुमच्या घरात आणि शाळेत बोलल्या जाणाऱ्या दोन्ही भाषांत तो रस्ता असा येऊन बसला आहे. असे आणखी कितीतरी शब्द आहेत. मराठीतील चावी आणि उर्दूतील चाबी, मराठीतील फीत आणि उर्दूतील फीता, शिवाय पाव, मिस्त्री, इस्त्री, काजू हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. काही शब्दांचा प्रवास तर याहून लांबचा आहे. ‘बटाटा’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. ते रताळ्याला बटाटा म्हणत. ज्या बेटावर सांतो दोमिंगो उभे राहिले, त्याच बेटावर कोलंबसच्या माणसांनी मिरचीही पाहिली. तिकडची फळे आणि भाज्या स्पेन-पोर्तुगालच्या जहाजांतून जगभर पसरल्या. अननस, पपई, पेरू, तंबाखू, मिरची हे सगळे त्या बाजूचे. खानदेशी शेवभाजीचा ठसका हा मूळचा अमेरिकेचा, असे कोणी म्हटले तर रागावू नका!

राजधानी असल्यामुळे येथे विद्वान माणसेही आली. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचे जाणेयेणे होते. तेथील हकिमांशी तो चर्चा करी. इब्न सीनाचे ग्रंथ त्याला माहीत होते, आणि येथील वैद्यांकडूनही तो शिकत असे. भारतातील औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेले पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये याच शहरात सुरू झाला होता.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ हा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ लिहिला. तो १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापला गेला. मराठी ही स्टीफन्सची मातृभाषा नव्हती. तुमच्याप्रमाणेच त्याने ती दुसरी भाषा म्हणून शिकून घेतली होती.

परंतु याच शहरात विचारांवर पहारा होता. १५६० मध्ये येथे इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय स्थापन झाले. मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते चालू राहिले. धर्म बदललेली माणसे घरात गुपचूप जुन्या चालीरीती पाळतात का, याची चौकशी तेथे होई, आणि शिक्षा कठोर असत. गार्सिया द ओर्ताचे पूर्वज ज्यू होते. तो वारल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, या न्यायालयाच्या हुकमाने त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. पोर्तुगीज हद्दीतील देवळे पाडली गेली, तेव्हा लोकांनी देवांच्या मूर्ती नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेल्या. फोंडा त्या वेळी आदिलशाहीत होते. तेथील साफा मशीद त्याच काळातली, १५६० मधील मानली जाते. मशिदीला लागून मोठा पायऱ्यांचा हौद आहे. मंगेशीचे देऊळ आणि ही मशीद एकाच दिवसात पाहता येतात.

आता बॉम जेझूसच्या चर्चकडे वळू. १५९४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव तेथे चांदीच्या पेटीत ठेवले आहे. दहा वर्षांनी एकदा ते दर्शनासाठी खाली आणतात. मागील वेळी हा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. समोरच से कॅथेड्रल आहे. त्याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि इमारत पूर्ण व्हायला १६१९ उजाडले. त्याला दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून आज ही इमारत एका बाजूने अपुरी वाटते.

बॉम जेझूसच्या बाहेरच्या भिंतीजवळ मात्र थोडे थांबा. इतर चर्च पांढरी आहेत. हे तांबडे आहे. विसाव्या शतकात त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला, त्यामुळे आतला जांभा दगड उघडा पडला आहे. हा दगड जवळून पाहा. आपल्या धुळ्याकडचा काळा दगड घट्ट असतो. जांभ्यात मात्र बारीक बारीक छिद्रे असतात. गोव्यातील बरीचशी जमीन अशाच जांभ्याची आहे, आणि जुन्या गोव्याच्या नाशाचे मोठे कारण या छिद्रांत आहे.

शहर वाढत गेले, पण सांडपाणी वाहून नेण्याची सोय वाढली नाही. घरोघरी मैल्याचे खड्डे होते आणि त्याच आवारात पिण्याच्या पाण्याची विहीर होती. खड्ड्यांतील घाण जांभ्यातून झिरपत विहिरीत जाई. वरून पाणी स्वच्छ दिसे. ज्यांच्याकडे पैसा होता ते शहराबाहेरच्या बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी आणवत. गुलाम ते घड्यांत भरून आणत आणि दारोदार विकत. गरीब लोक आणि शिपाई विहिरीचे पाणी पीत.

१५४३ मध्ये शहरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ आली. रोज इतकी माणसे मरू लागली, की लोक घाबरू नयेत म्हणून मृतांसाठी घंटा वाजवण्यास गव्हर्नरने मनाई केली. गार्सिया द ओर्ताने आपल्या पुस्तकात या रोगाची लक्षणे लिहून ठेवली आहेत. त्यानंतर साथी येतच राहिल्या. गोव्यात राजाचे मोठे इस्पितळ होते. पिरार द लावाल या फ्रेंच प्रवाशाने तेथे उपचार घेतले आणि त्याची फार स्तुती केली. रोग्यांना चिनी मातीच्या आणि चांदीच्या भांड्यांतून जेवण मिळे. तरीही सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एका इस्पितळात सुमारे २५,००० पोर्तुगीज शिपाई मरण पावले.

भांडी चांदीची होती, पाणी मात्र तेच होते. पण त्या काळच्या लोकांना हसू नका. रोग वाईट हवेने होतात, अशी तेव्हा युरोपातही समजूत होती. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने दाखवून दिले ते १८५४ मध्ये, म्हणजे गोव्यातील त्या साथीनंतर तीनशे वर्षांनी.

शहर दुबळे होत होते तेव्हाच बाहेरून धक्के बसू लागले. १६२२ मध्ये होर्मुझ हातचे गेले. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का आणि १६६३ मध्ये कोचीन घेतले. त्यांची जहाजे मांडवीच्या मुखाशी उभी राहून गोव्याचा व्यापार अडवत. व्यापार गेला, तसे व्यापारीही गेले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहराजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा राजधानीत घबराट उडाली. पाठीमागून मोगल फौज येत असल्यामुळे मराठे परतले आणि शहर वाचले. पण आता ही जागा सोडलीच पाहिजे, असे विजरईला वाटू लागले. राजधानी मुरगावला न्यायचे ठरले, कामही सुरू झाले, आणि ते अर्धवट राहिले. लोक हलायला तयार नव्हते. आजारपण असले तरी घर ते घरच.

शेवटी राज्यकर्त्यांनीच पाय काढला. १६९५ मध्ये विजरईने आदिलशहाचा वाडा सोडला आणि तो नदीच्या खालच्या अंगाला पणेलीला राहू लागला. १७५९ मध्ये पुढचा विजरई पणजीला गेला. गंमत अशी, की तेथेही त्याला राहायला आदिलशहाचाच दुसरा वाडा मिळाला! १७७५ च्या सुमारास जुन्या गोव्यात जेमतेम दीड-दोन हजार माणसे उरली होती. रिकाम्या घरांचे दगड नावांत भरून पणजीच्या बांधकामाला नेण्यात आले. १८३५ मध्ये सरकारने मठ बंद केले, तेव्हा तेथील पाद्रीही गेले. सेंट ऑगस्टीनच्या प्रचंड चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. आज तेथे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा काही भाग एकटाच उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या अवशेषांत जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. ही राणी १६२४ मध्ये इराणमध्ये शिराझ येथे मारली गेली होती. शास्त्रीय तपासणीनंतर भारत सरकारने २०२१ मध्ये त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला भेट दिला.

१८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. पणजी वसवताना दलदल बुजवली, रस्ते सरळ काढले. तेथील एका जुन्या वस्तीचे नाव फोंताइन्यास असे आहे. त्याचा अर्थ ‘लहान कारंजी’ असा होतो. वस्तीच्या टोकाला टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, त्यावरून हे नाव पडले. निळ्या-पिवळ्या रंगांची घरे, लाकडी सज्जे आणि अरुंद गल्ल्या पाहत येथे तासभर सहज जातो. पण ही राहती घरे आहेत, म्हणून आवाज कमी ठेवावा आणि कोणाच्या दारात उभे राहून फोटो काढू नयेत. आदिलशहाचा वाडा मांडवीच्या काठी आजही आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला, त्यानंतर २००० मध्ये पर्वरीला नवी इमारत होईपर्यंत गोव्याची विधानसभा याच वाड्यात भरत असे.

सहलीला जायचे असेल तर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत जावे. जुन्या गोव्यातील चर्चांत आजही प्रार्थना होते, तेव्हा आपल्या मशिदीत जसे अदबीने वागतो तसेच तेथे वागावे. पुराणवस्तू संग्रहालयात विजरईंची चित्रे ओळीने लावलेली आहेत. ते शुक्रवारी बंद असते, हे आधीच लक्षात ठेवावे. संध्याकाळी पणजीला परतल्यावर टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चच्या नागमोडी पायऱ्यांजवळ थांबा. वर जी मोठी घंटा दिसते, ती सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यातून येथे आणलेली आहे.